चटईचं दुसरं टोक

"आहात तसेच बसा," असं रेडिओनं आदल्या दिवशी चांगलं बजावून ठेवलं होतं. तरी सकाळी स्टँड उभं करून, कॅमेरा लावून ती वळली, तर अंगणात चिटपाखरू नाही. विळा भिंतीला टेकवलेला, ठेचायची मोगरी चटयांच्या ओल्या लव्हाळ्यावर तशीच पडलेली, आणि माणसं गायब.

"काका! काकू! अहो, ऊन वर चाललंय!"

"आलो, आलो," आतून काकांचा आवाज आला. "डोळ्यांत साबण गेलाय जरा."

मग एकेक जण बाहेर आला. काकांनी ओल्या केसांचा भांग पाडला होता आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या. लव्हाळा कापताना ते गुडघ्यावर फाटलेली चड्डी घालतात, पण आज पायांत इस्त्रीची विजार होती. काकूनं लांब बाह्यांचा नवा सदरा अंगात चढवला होता. वहिनी, म्हणजे काकांची सून, शेजारच्या थोरल्या आजीकडची खुर्ची डोक्यावर घेऊन आली. चारही पाय सारखे असलेली वस्तीतली ती एकच खुर्ची.

रेडिओनं दाराशी ठेवलेली पिंपं पाहिली. दोन्ही रिकामी.

"काकू, पिण्याचं पाणी अंघोळीला घातलंत?"

"मग काय तळ्यातल्या पाण्यानं अंगाला वास मारत फोटोत बसायचं?"

"फोटो नाही गं, व्हिडिओ आहे."

"माणूस दिसणारच ना त्यात? मग झालं तर."

ते पाणी काकू रोज दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. म्हणजे आज दुसरी खेप. रेडिओनं काकूला खुर्चीवर बसवलं, माइक गळ्याशी लावला. काकूनं मांडीवर टॉवेल पसरला आणि दोन्ही हात त्याच्याखाली घातले.

"काकू, हात वर ठेव की."

"असू दे. थंडी वाजते."

ऊन चांगलं चटकत होतं.

रेडिओ हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिचं तोंड घडीभर बंद राहत नसे, म्हणून काकांनी ते ठेवलं आणि वस्तीनं पक्कं केलं. आई तिला कळू लागायच्या आधीच गेली. बाप कामाला म्हणून बाहेर पडला तो तिकडचाच झाला. काकूनं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि शाळेच्या वसतिगृहात घातली, ते या तळ्यापासून लांब जावी म्हणून. आता ती शहरातल्या एका लहानशा बातमी-कंपनीत होती. ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही अशा लोकांच्या गोष्टी ती कंपनी फोनवर दाखवायची. फोटो तिनंच काढायचे, आवाज तिनंच घ्यायचा, लिहायचंही तिनंच.

"म्हणजे चौघांचं काम आणि एकाचा पगार," काकांनी पहिल्याच दिवशी हिशेब लावला होता. "आमच्यासारखंच की!"

यंदा ती आली होती ती तळ्यासाठी. पलीकडच्या काठावर रंगाचा कारखाना झाल्यापासून पाणी बिघडलं होतं. लव्हाळा वेळेआधी पिवळा पडत होता. पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला आधी खाज सुटायची, मग फोड यायचे, मग कातडी चिरायची. काका पाण्याच्या कचेरीत दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा होते, तर म्हणाले, "तुम्ही लोक जरा स्वच्छ राहत जा." लव्हाळ्याला तुरा आला की कापणी संपते, आणि कापणी संपली की साहेबांना दाखवायला काही उरत नाही. जे काय व्हायचं ते तुरा यायच्या आत.

"काकू, सांग. पाण्याचं काय झालंय?"

काकूनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. कुणी परकं माणूस दारात आलं की ती हसायची, तशी हसली.

"बरं आहे. चाललंय."

"अगं, बरं काय? काल रात्रभर खाजवत होतीस."

"ते डास होते."

"काका, तुम्ही तरी बोला."

काका खुर्चीमागे ताठ उभे होते, जणू लग्नाचा फोटो. "तळं मोठं आहे," ते म्हणाले. "पूर्वीपासूनचं आहे." आणि थांबले.

वहिनीनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

*

तळ्याच्या बांधावर चढलं की फोनला रेंज यायची. रेडिओनं तिथून ते सगळं पाठवलं आणि संपादकांच्या फोनची वाट पाहत बसली. तो लगेच आला.

"अगं, ही माणसं कुठे लग्नाला निघालीत का?"

"सर, मी आहात तसे बसा म्हटलं होतं."

"वाईट वाटून घेऊ नकोस. पण बघणाऱ्याला काय दिसणार? धुतलेले कपडे, खुर्ची, आणि बाई म्हणते बरं चाललंय. मग पाण्याच्या साहेबानं का उठावं? दुखणं दिसू दे गं. तुझी घरची माणसं आहेत, तुला नाही दाखवणार तर कुणाला दाखवणार?"

"बघते."

"आणि वर तुझ्याबद्दल विचारतायत. तुला कायम करायचं की नाही ते. एक चांगलं काम दे, मी बोलतो."

ती बांधावरून उतरली. समोरून काकू येत होती, डोक्यावर पाण्याचा हंडा, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. रेडिओनं पुढे होऊन हंडा घ्यायला हात केला.

"नको. मानेवर बसलाय तो आता. मध्येच उतरवला तर जास्त दुखतं."

*

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर पाण्यात गेली. रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधून केलेला तराफा होता. काका लांब काठीनं तो रेटत होते, काकू पुढे विळे घेऊन बसली होती. पाण्यावर तवंग होता, उन्हात कधी निळा दिसायचा कधी तांबूस. लव्हाळ्याजवळ पोचल्यावर दोघं पाण्यात उतरली. मांडीपर्यंत पाणी. काकूच्या तोंडून बारीक "स्स्" आलं, तेवढंच.

डाव्या हातानं झुबका कवेत घ्यायचा, उजव्या हातानं पाण्याखाली विळा घालायचा, एकदा ओढायचा. कापलेला झुबका झटकून मागे तराफ्यावर टाकायचा. पाठ सरळ करायची नाही, कारण एकदा सरळ केली की परत वाकवत नाही. काकांचा विळा आणि काकूचा विळा आळीपाळीनं वाजत होते. ओल्या बाह्या लव्हाळ्याच्या धारेत अडकायला लागल्या, तशा काकूनं त्या कोपरापर्यंत वर सारल्या.

रेडिओनं ते हात तेव्हा पाहिले.

नखं काळी पडली होती. बोटांच्या सांध्यांवर कातडी उकलून कडा पांढऱ्या झाल्या होत्या. तळव्याची सालं निघून खालचं कातडं तकतकीत लाल दिसत होतं. दोन बोटांना तिनं जुन्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, आणि त्या पट्ट्याही पाण्यानं रंगल्या होत्या.

"काय घेतेयस गं?" काकूनं न वळता विचारलं.

"लव्हाळा घेते."

"घे. यंदा काही बघण्यासारखा नाहीये."

रेडिओनं कॅमेरा जवळ नेला. काकूचा चेहरा येऊ दिला नाही, मागून, खांद्यावरून, नुसते हात घेतले. विळा, पाणी, बोटं. पट्टी सुटली, काकूनं ती दातांनी परत आवळली, तेही आलं. तेव्हा तिला आपण चोरी करतोय असं काही वाटलं नाही. काम झालं असं वाटलं. नंतर तिला हेच जास्त टोचलं.

संध्याकाळी तिनं बांधावर जाऊन ते पाठवून दिलं. संपादकांनी फक्त एवढंच लिहिलं: "हे! हेच हवं होतं."

*

चटया नेणारा व्यापारी आला तो टेम्पो घेऊन. वस्तीच्या मधल्या सामायिक अंगणात सगळ्या बायका विणायला बसल्या होत्या. टेम्पोचा आवाज ऐकला तशा सगळ्यांनी बाह्या खाली ओढल्या. कुणी कुणाला खुणावलं नाही. सांज झाली की दिवा लावावा, तितक्या सवयीनं.

व्यापाऱ्याची पारखायची रीत वेगळी होती. तो चटईला हात लावून बघत नसे. बूट काढायचा आणि सरळ चटईवर आडवा व्हायचा. एकदा उताणा, एकदा कुशीवर, मग गाल टेकवून डोळे मिटायचा.

"दमला असाल तर झोप काढून जा," वहिनी म्हणाली. "उठवायला सांगू कुणाला?"

"ज्यावर माणूस झोपणार, ते झोपूनच बघायला हवं," व्यापारी डोळे न उघडता म्हणाला. "बाजारात लोक बोलायला लागलेत. तळ्याकाठच्यांना खाज सुटलीय म्हणे. आहे का तसं काही?"

"खाज त्यांच्या जिभेला आहे," थोरली आजी म्हणाली. वस्तीतली ती सगळ्यात वयस्कर, आणि विणायला बसलेल्या बायकांत तिचाच शब्द चालायचा.

"तसं असेल तर बरंच आहे. पण हात बघू दे बरं एकेकीचे."

"हात मागायला आलायस की चटया न्यायला?" थोरली आजी म्हणाली. "हात मागायचा तर बापाला घेऊन ये."

बायका खो खो हसल्या. व्यापारीही हसला, उठून बूट चढवले, चटया टेम्पोत टाकल्या आणि गेला. टेम्पो वळणाआड गेला तसं हसू ओसरलं. एकेकीनं बाह्या वर सारल्या आणि फुंकर घालायला लागली. रेडिओनं पाहिलं, सगळ्यांचे हात तसेच होते. काकूचे फक्त जास्त वाईट होते, कारण ती कापायलाही जायची आणि विणायलाही बसायची.

"त्याला सांगत का नाही?" तिनं वहिनीला हळूच विचारलं.

वहिनीनं वर पाहिलं. "वेडी आहेस का तू? असल्या हातांनी विणलेल्या चटईवर कोण आपलं पोर झोपवेल? तू झोपवशील?"

"मग एक-दोघींच्याच हातांना आहे म्हणायचं."

"एक-दोघींच्या म्हणजे? इकडे बघ." वहिनीनं पुढ्यातली अर्धवट चटई दाखवली. "या टोकाला मी बसलेय. त्या टोकाला सकाळी काकू होत्या, आता ती बसलीय, मघाशी तिसरीच होती. जिला जेव्हा सवड होईल तेव्हा ती येऊन बसते. दोन्ही टोकं मध्ये भेटली की थोरल्या आजी जोड घालतात. कुठली चटई कुणाची, हे आम्हाला पण सांगता यायचं नाही. एकीचे हात वाईट म्हटलं की सगळ्या चटया वाईट."

रेडिओ उठलीच.

*

बांधावर ती अक्षरशः पळत गेली.

"आज संध्याकाळी लावतोय," संपादक खुशीत होते. "मथळा ऐक. 'चटई विणणारे सडके हात'."

"सर, तो लावू नका."

"मथळा बदलू. काय ठेवू?"

"व्हिडिओच लावू नका." तिनं दम घेत घेत सगळं सांगितलं. झोपून बघणारा व्यापारी, दोन टोकं, बाह्या.

संपादक वाईट नव्हते. बातमी त्यांनीही कधीकाळी अशीच पायी हिंडून आणलेली होती.

"तू त्यांना विचारलं नव्हतंस?"

"लव्हाळा घेते म्हणाले."

"अगं, मग..." ते थांबले. "उद्या दुपारपर्यंत धरून ठेवतो. त्यापुढे माझ्याही हातात नाही. पण ते गेलंच नाही, तर तुझ्याबद्दल वर काय सांगू ते मला कळत नाही. आणि हे बघ, ते गेलं नाही तर पाणीही आहे तसंच राहणार. तुलाच ठरवावं लागेल."

फोन खिशात टाकून ती बांधावरच बसून राहिली. समोर कारखान्याचं धुराडं, खाली तळं, मागे वस्ती. गुपचूप काढून टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. काकू पुढच्या वर्षी परत पाण्यात उतरली असती, बाह्या ओढून परत विणायला बसली असती, आणि रेडिओ दुसऱ्या कुठल्या तरी वस्तीत कॅमेरा लावून "आहात तसे बसा" म्हणत असती. ती उठली.

बायका अजून विणतच होत्या. उजेड कमी झाला होता, म्हणून डोकी चटईच्या आणखी जवळ गेली होती. काका मोगरीनं लव्हाळा ठेचत होते.

"मला एक सांगायचंय," रेडिओ म्हणाली, आणि एका दमात सांगून टाकलं.

मोगरी थांबली.

"शाळेला घातली म्हणतात ती यासाठी होय," थोरली आजी म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "व्यापाऱ्यापासून लपवत होतो, तर ही घरातलीच निघाली. आपलीच ना गं तू?"

"आजी, अजून गेलेलं नाही ते. मी थांबवलंय."

"मोठे उपकार झाले."

काकूनं हातातला लव्हाळा खाली ठेवला, हात पोटाशी पुसले.

"मला दाखव."

रेडिओनं फोन पुढे धरला. काकूनं मान तिरकी करून पाहिलं. बाकीच्या बायका खांद्यावरून वाकल्या. पडद्यावर पट्टी सुटली, दात आले, पट्टी आवळली.

"एवढे झालेत?" काकू म्हणाली. "मला वाटलं उन्हानं तसे दिसतात." तिनं परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाली, "तोंड नाही घेतलंस माझं."

"म्हटलं, कळू नये कोण आहे ते."

"मग हे वस्तीतल्या कुणाचेही झाले. ही बघ, ही बघ, सगळ्या अडकल्या यात." ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. हिशेब जुळत नसला की माणूस बसतं तशी ती बसली. "समोरून घेतलं असतंस तर माझे एकटीचे झाले असते."

थोरल्या आजीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझ्या मनात काय चाललंय?"

"काही नाही. उद्या समोरून घेऊ म्हणते. तोंडासकट. मी लव्हाळा कापते, पाण्यानं हे असं झालं, आणि मी विणत नाही, असं सांगेन."

"विणत नाही म्हणजे? रोज तर विणतेस."

"नाही विणणार मग."

"मला पण घ्या," वहिनी एकदम म्हणाली. "माझे काय कमी आहेत? हे बघा."

"तू गप बस," काकू म्हणाली. "तुझं अख्खं आयुष्य जायचंय अजून त्या टोकाला. माझं काय, पाठ नाहीतरी धरतेच."

"पाठ कधीपासून धरते तुझी?" काकांनी विचारलं. इतक्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले होते.

"आतापासून," काकू म्हणाली.

बोलणं बराच वेळ चाललं. थोरली आजी म्हणाली, उद्या साहेब येईल, बाटलीत पाणी भरून नेईल, आणि ही मात्र जन्माची उठली चटईवरून. काकू म्हणाली, येईल तरी. दुसरी एक म्हणाली, आधी विणणं सोडायचं मग सांगायचं, म्हणजे खोटं नको. काकूच्या पुढ्यातलं टोक अर्धंच विणलेलं होतं. ती ओळ पुरी करावी की नाही, म्हणून तिचा हात जरासा पुढे झाला. मग तिनं तो मागे घेतला आणि गुडघ्यावर तळवे टेकून उठली.

*

सकाळी कुणी अंघोळ केली नाही. खुर्ची आणली नाही. काकू पाण्यातून आली तशी, ओल्या सदऱ्यानिशी तराफ्याच्या कडेवर बसली. रेडिओनं माइक लावला.

"काकू, मी विचारते तेवढंच सांग. सांगायचं नसेल ते सांगू नकोस. मध्येच थांबावंसं वाटलं तर हात कर, मी बंद करीन."

"आता गं कुठून शिकलीस हे?"

"कालपासून."

काकू हसली, पण दारातल्या पाहुण्यासारखं नाही. तिनं बाह्या वर केल्या आणि हात कॅमेऱ्यासमोर उलटसुलट केले. बाजारात भाजी दाखवतात तसे. मग सांगायला लागली. लव्हाळा कसा कापतात, पाण्याखाली विळा का घालावा लागतो, पहिली खाज कुठं सुटली, कचेरीत कोण काय म्हणालं. रडली नाही. एकदा मात्र म्हणाली, "विणायचं मी सोडलंय. चटया बाकीच्या बायका विणतात," आणि हे म्हणताना तिची नजर कॅमेऱ्यावरून ढळून बांधापलीकडे, अंगणाच्या दिशेला गेली. रेडिओला वाटलं, ही नजर कापावी. तिनं कापली नाही.

"लांब झालंय," संपादक म्हणाले. "आणि बाई रडत नाही."

"नाही रडत."

"आधीचे हात मध्ये घालू का? दोनच मिनिटं?"

"नको. ते मी तिला न सांगता घेतलेत. तुमच्याकडचे पुसून टाका सर. मी माझ्याकडचे पुसलेत."

"तुझंच नुकसान आहे गं." त्यांनी सुस्कारा टाकला. "लावतो आहे तसं. तुझ्याबद्दल काय होईल ते सांगत नाही, कारण मला माहीत नाही."

"चालेल. मी तुरा येईपर्यंत इथेच आहे. रोज थोडं पाठवत जाईन."

"पगार मिळेलच असं नाही."

"काका म्हणतात, माझी नोकरीही आमच्या कापणीसारखीच आहे," ती म्हणाली. त्यांना ते कळलं नाही.

व्हिडिओ फार लोकांनी पाहिला असं नाही. पण ज्यांनी पाहायला हवा होता त्यांच्यापैकी कुणीतरी पाहिला असावा. काही दिवसांनी कचेरीची गाडी आली. साहेब उतरले नाहीत, त्यांच्या हाताखालचा माणूस उतरला. त्यानं तीन ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरलं, बुचं लावली आणि व्हिडिओतली बाई कोण म्हणून विचारलं. काकू पुढे झाली. त्यानं तिचे हात लांबूनच पाहिले, "कळवू," म्हणाला, आणि गेला. रेडिओनं तेवढं घेतलं, बांधावर जाऊन पाठवलं. तसं पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. तरी पहिल्यांदाच कुणीतरी तळ्यात बाटली बुडवली होती.

*

मग व्यापारी आला. त्यानंही व्हिडिओ पाहिला होता. टेम्पोतून उतरून तो थेट बूट काढायला वाकला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

काकू कडेला बसून दुसऱ्यांसाठी लव्हाळ्याच्या पेंढ्या सोडवत होती.

"तुम्ही विणत नाही ना आता?" व्यापाऱ्यानं तिला विचारलं.

"नाही."

"खरं?"

"विचारा यांना."

"नाही विणत ती," थोरली आजी म्हणाली. मान वर केली नाही.

"मग एक करा," व्यापारी म्हणाला. "लव्हाळ्याला हात लावू नका इथे. आणि जरा लांब बसा. मला काही नाही हो, पण बरोबर आलेला ड्रायव्हर बाहेर जाऊन बोलतो. लोकांना काय सांगणार मी?"

रेडिओच्या हातात कॅमेरा होता. व्यापाऱ्याचं लक्ष तिकडे गेलं.

"हे नको घेऊ बाई. उगीच माझं नाव कशाला."

रेडिओनं कॅमेरा खाली केला. व्यापाऱ्याकडे न पाहता तिनं काकूकडे पाहिलं.

"काकू, घेऊ?"

काकूनं पेंढी खाली ठेवली. मांडीवरचा लव्हाळ्याचा चुरा झटकला.

"यांचं नको घेऊस. पोटावर पाय येईल या बायकांच्या. मी उठते ते घे."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, अर्ध्यात थांबून, मग पुरती. बायकांच्या मागून, भिंतीकडेनं चालत अंगणाच्या टोकाला गेली. तिथे सावली नव्हती. उन्हातच खाली बसली आणि हात मांडीवर उघडे ठेवले. रेडिओनं ते सगळं घेतलं. काकू नीट बसेपर्यंत कॅमेरा हलू दिला नाही.

व्यापारी चटईवर आडवा झाला. उताणा, मग कुशीवर. गाल टेकवायला जरा वेळ लावला, पण टेकवला.

"घेतो," तो म्हणाला.

टेम्पो गेल्यावर बायका परत बसल्या. नवी चटई लावायची होती. या टोकाला वहिनी बसली. दुसरं टोक मोकळंच राहिलं. नेहमी आपोआप कुणीतरी तिथे बसायची, पण आज ती जागा सगळ्यांना दिसत होती, म्हणून कुणी बसेना.

रेडिओनं कॅमेरा पिशवीत घातला आणि तिथे जाऊन बसली.

थोरल्या आजीनं तिच्या हातांकडे पाहिलं. शहरातले हात, मऊ, नखं कापलेली. आजीनं लव्हाळ्याचा झुबका तिच्यापुढे टाकला.

"एक वर, दोन खाली. जमेल?"

"लहानपणी जमायचं."

"लहानपणी तू नुसती बडबडायचीस."

कुणीतरी हसलं. पहिली ओळ तिनं घातली, दुसरी घातली. लव्हाळ्याच्या धारेनं अंगठ्याला चीर पडली. तिनं तो चोखायला तोंडाकडे नेला आणि वहिनीनं मध्येच तिचा हात धरून खाली आणला. "तोंडात नको." रेडिओनं अंगठा विजारीला पुसला आणि तिसरी ओळ घातली. पिशवीत फोन वाजत होता. वाजून थांबला.

"सैल जातंय," अंगणाच्या टोकावरून काकू म्हणाली.

"कुठे?"

"पहिल्यापासूनच. ओढून घेत नाहीस तू. तिथून सगळं काढ."

रेडिओनं पाहिलं, थोरल्या आजीनं पाहिलं. सैल होतं. तिनं तिन्ही ओळी उसवल्या, लव्हाळा पाण्यात बुडवला, आणि पहिली काडी पुन्हा घातली.

"आता ओढ," काकू म्हणाली.